देशाचा प्रमुख अचानक गेला तर? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दादरला संध्याकाळी स्पर्धा परीक्षेच्या मुलांना मी राज्यघटना शिकवतो. अभ्यासक्रमात हा विषय दोन-चार ओळींत आटोपतो, पण वर्ग सुटल्यावर जिन्यात घोळका करून मुलं सर्वाधिक विचारतात ते याबद्दलच. देशाचा प्रमुख एकाएकी गेला आणि ज्याच्या ध्यानीमनीही नव्हतं अशा माणसावर सगळा भार येऊन पडला, तर काय होतं? पालक विचारतात, आमच्या इमारतीतले शेजारीही विचारतात. उत्तरं एका जागी असावीत म्हणून हे पान. प्रश्न ज्या शब्दांत आले तसेच ठेवले आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, कारण तिथे सांगण्यासारखं पुष्कळ आहे.

पंतप्रधान अचानक गेले तर पुढे कोण, हे घटनेत लिहिलेलं असेलच ना?

नाही. कलम ७४ म्हणतं की राष्ट्रपतींना साहाय्य आणि सल्ला देण्यासाठी पंतप्रधानांच्या नेतृत्वाखाली मंत्रिमंडळ असेल. कलम ७५ म्हणतं की पंतप्रधानांची नेमणूक राष्ट्रपती करतील आणि मंत्रिमंडळ लोकसभेला सामूहिकरीत्या जबाबदार राहील. खुर्ची एकाएकी रिकामी झाली तर ती कोणत्या क्रमाने भरायची, याबद्दल घटनेत अवाक्षर नाही.

पोकळी चालणार नाही एवढं मात्र पक्कं आहे. यू. एन. आर. राव विरुद्ध इंदिरा गांधी या १९७१ च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की लोकसभा विसर्जित झालेली असली तरी मंत्रिमंडळ असलंच पाहिजे. राष्ट्रपतींना एकट्याने कारभार हाकता येत नाही. त्यामुळे कुणालातरी लगेच शपथ द्यावी लागते. कुणाला, ते रूढीवर सोडलेलं आहे.

मग ही रूढी कधी आणि कशी पडली?

२७ मे १९६४ ला. त्या दुपारी नेहरूंचं निधन झालं. चीनबरोबरच्या युद्धाला जेमतेम दीड वर्ष झालं होतं, अन्नधान्याची टंचाई होती आणि स्वतंत्र भारताने दुसरा पंतप्रधान पाहिलेलाच नव्हता. राष्ट्रपती राधाकृष्णन यांनी मंत्रिमंडळातले ज्येष्ठ मंत्री म्हणून गृहमंत्री गुलझारीलाल नंदा यांना त्याच दिवशी शपथ दिली. काँग्रेस अध्यक्ष कामराज यांनी खासदारांशी, मुख्यमंत्र्यांशी बोलून कल अजमावला आणि ९ जूनला लालबहादूर शास्त्री पंतप्रधान झाले.

पुढे दोन वर्षांच्या आतच तोच प्रसंग पुन्हा आला. १० जानेवारी १९६६ ला शास्त्रीजींनी ताश्कंदला पाकिस्तानबरोबरच्या करारावर सही केली आणि ११ तारखेच्या पहाटे बातमी आली की ते गेले. पुन्हा नंदा. यावेळी पक्षात मोरारजी देसाई आणि इंदिरा गांधी अशी सरळ निवडणूक झाली. इंदिराजींना ३५५ मतं पडली, मोरारजींना १६९. २४ जानेवारीला त्यांनी शपथ घेतली.

नंदांबद्दल आपण फार कमी बोलतो आणि ते मला खटकतं. मुंबईशी त्यांचं जुनं नातं. १९२१ मध्ये ते इथल्या नॅशनल कॉलेजात अर्थशास्त्र शिकवत होते. पुढे अहमदाबादच्या गिरणी कामगारांच्या संघटनेत त्यांनी आयुष्याची बरीच वर्षं घातली आणि १९४६ पासून मुंबई प्रांताचे कामगारमंत्री होते. दोन्ही वेळा देश हवालदिल असताना त्यांनी कारभार हाती घेतला, मोठ्या धोरणाला हात लावला नाही आणि निवड झाल्यावर खुर्ची रिकामी करून दिली. दुसऱ्याच्या खुर्चीत बसून ती जशीच्या तशी राखणं हे अवघड काम आहे. ते ज्यांना जमलं नाही अशांची यादी जगात मोठी आहे.

म्हणजे पद्धत व्यवस्थित आहे. मग चिंता कसली?

ती एकपक्षीय बहुमताच्या काळात बसलेली आहे, ही चिंता. १९६४ मध्ये ‘ज्येष्ठ मंत्री कोण’ याचं उत्तर सगळ्यांना ठाऊक होतं. आघाडी सरकारात, जिथे दुसऱ्या क्रमांकावर दोघं-तिघं दावा सांगतात आणि घटक पक्ष आपापली गणितं मांडत बसतात, तिथे ते एका तासात ठरेल का? शिवाय १९८४ मध्ये आपण स्वतःच ही रूढी बाजूला ठेवली. त्याबद्दल खाली लिहिलं आहे.

राष्ट्रपतींच्या बाबतीतही असंच अधांतरी आहे का?

नाही, तिथे क्रम लिहिलेला आहे, आणि तो कसा कामी आला ती हकिगत मुलांना सांगताना मला दर वेळी उत्साह येतो.

राष्ट्रपतिपद रिकामं झालं तर कलम ६५ प्रमाणे उपराष्ट्रपती ते सांभाळतात आणि सहा महिन्यांच्या आत नवी निवडणूक व्हावी लागते. ३ मे १९६९ ला राष्ट्रपती झाकिर हुसेन यांचं निधन झालं आणि उपराष्ट्रपती व्ही. व्ही. गिरी काम पाहू लागले. गिरींना स्वतःलाच निवडणूक लढवायची होती. त्यांनी राजीनामा दिला तर? दोन्ही पदं एकाच वेळी मोकळी होणार. म्हणून संसदेने त्याच मे महिन्यात कायदा केला: अशा वेळी सर्वोच्च न्यायालयाचे सरन्यायाधीश राष्ट्रपतींचं काम पाहतील आणि तेही नसतील तर त्या न्यायालयातले उपलब्ध असलेले सर्वांत ज्येष्ठ न्यायाधीश.

जुलैमध्ये तसंच घडलं. १९ जुलैला चौदा बँकांच्या राष्ट्रीयीकरणाच्या वटहुकमावर गिरींनी सही केली आणि २० जुलैला पद सोडलं. सरन्यायाधीश एम. हिदायतुल्ला राष्ट्रपती भवनात आले. हे नागपूरच्या मॉरिस कॉलेजात शिकलेले, नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश राहिलेले गृहस्थ. ज्यांचा सगळा जन्म न्यायासनाभोवती गेला, त्यांच्यावर अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन यांचं यजमानपद करायची वेळ दहा-बारा दिवसांतच आली. २४ ऑगस्टला निवडून आलेल्या गिरींनी शपथ घेतली आणि हिदायतुल्ला आपल्या न्यायासनावर परत गेले.

या सगळ्यात कुणी घाबरलं नाही की कुणाची ओढाताण झाली नाही. कायदा आधी लिहून ठेवला होता, म्हणून.

अमेरिकेत एका मंत्र्याला मुद्दाम दूर कुठेतरी बसवून ठेवतात, ते खरं की मालिकेतलं?

खरं. अध्यक्षांचं संसदेतलं वार्षिक भाषण किंवा शपथविधी असला की अध्यक्ष, उपाध्यक्ष, दोन्ही सभागृहं, न्यायाधीश आणि सगळं मंत्रिमंडळ एका छताखाली येतं. तेव्हा क्रमवारीतल्या एका पात्र मंत्र्याला सुरक्षित, अज्ञात जागी ठेवतात. शीतयुद्धात अणुहल्ल्याच्या धास्तीने ही पद्धत सुरू झाली. १९४७ च्या कायद्याने क्रम ठरवून दिला आहे: उपाध्यक्ष, मग प्रतिनिधिगृहाचे सभापती, मग सिनेटचे हंगामी अध्यक्ष, त्यानंतर परराष्ट्र, अर्थ, संरक्षण अशा खात्यांचे मंत्री, खाती ज्या क्रमाने निर्माण झाली साधारण त्या क्रमाने. त्यामुळे घरबांधणी किंवा शिक्षण खात्याच्या मंत्र्यावर महासत्तेचा भार येणं कागदावर शक्य आहे. प्रत्यक्षात अशा दूर बसवलेल्या मंत्र्यावर आजवर ती पाळी आलेली नाही.

तयारी नसताना देश हाती आला, असं खरोखर कुणाच्या बाबतीत घडलं?

हॅरी ट्रुमन यांच्या. उपाध्यक्ष होऊन त्यांना ८२ दिवस झाले होते. १२ एप्रिल १९४५ ला संध्याकाळी त्यांना तातडीने व्हाइट हाउसमध्ये बोलावून घेतलं आणि रूझवेल्ट यांच्या पत्नीने सांगितलं की अध्यक्ष गेले. दुसरं महायुद्ध चालू होतं. थोड्याच वेळात मंत्र्यांच्या साक्षीने शपथ झाली, छोटी बैठक झाली आणि ती उठल्यावर युद्धमंत्री स्टिमसन मागे थांबले. एका प्रचंड विध्वंसक अस्त्रावर काम चालू आहे, एवढंच त्यांनी त्या रात्री सांगितलं. अणुबाँबची पुरी माहिती ट्रुमन यांना २५ एप्रिलला मिळाली. हिरोशिमावर बाँब पडला ६ ऑगस्टला.

त्या तारखांचं अंतर जरा पाहा. माणसाच्या इतिहासातला सर्वांत भयंकर निर्णय ज्याने घेतला, त्याला त्या अस्त्राची सविस्तर ओळख होऊन चार महिनेही झाले नव्हते. रूझवेल्ट यांची प्रकृती ढासळलेली आहे हे भोवतालच्या माणसांना दिसत होतं, आणि तरी दुसऱ्या क्रमांकाच्या माणसाला कुणी विश्वासात घेतलं नाही. ट्रुमन अननुभवी होते असं पुस्तकांत लिहितात. मला वाटतं त्यांना अननुभवी ठेवलं गेलं होतं, आणि त्याचा दोष त्यांच्याकडे जात नाही.

हे त्यांनी स्वतः ओळखलं असावं. वर सांगितलेला १९४७ चा क्रमाचा कायदा त्यांच्याच आग्रहातून आला. त्याच वर्षी राष्ट्रीय सुरक्षा परिषद स्थापन झाली आणि १९४९ मध्ये उपाध्यक्षाला तिचं कायद्याने सदस्य केलं गेलं, म्हणजे पुढच्या कुणावर तशी वेळ येऊ नये.

ही सगळी जुनी उदाहरणं झाली. अलीकडचं काही?

दक्षिण कोरिया, २०२४ चा डिसेंबर. ३ तारखेच्या रात्री अध्यक्ष यून सक-योल यांनी लष्करी कायदा जाहीर केला आणि संसदेने काही तासांतच तो रद्द करायला लावला. १४ तारखेला यून यांच्यावर महाभियोग मंजूर झाला. पंतप्रधान हान डक-सू कार्यवाहक अध्यक्ष झाले. २७ तारखेला त्यांच्यावरही महाभियोग. मग क्रमाने पुढचे, अर्थमंत्री चोई सांग-मोक.

चोई मुळात अर्थखात्यात मुरलेले अधिकारी. शुक्रवारी कार्यवाहक अध्यक्षपद आलं आणि रविवारी, २९ तारखेला सकाळी, मुआन विमानतळावर जेजू एअरचं बँकॉकहून आलेलं विमान धावपट्टीवरून घसरत जाऊन बांधावर आदळलं. विमानातल्या १८१ पैकी १७९ जण गेले. एरवी आपत्ती निवारणाची धुरा गृहमंत्र्याकडे असते, पण ते आधीच राजीनामा देऊन मोकळे झाले होते. संरक्षणमंत्री अटकेत, पोलीसप्रमुखही अटकेत. म्हणजे कार्यवाहक अध्यक्ष, कार्यवाहक पंतप्रधान, अर्थमंत्री आणि आपत्ती मुख्यालयाचा प्रमुख ही चारही कामं एकाच माणसाकडे!

त्याने काय केलं? काही तासांत मुआन गाठलं, तो भाग विशेष आपत्तिक्षेत्र जाहीर केला आणि सात दिवसांचा राष्ट्रीय दुखवटा पाळायला सांगितलं. ३१ तारखेला त्याहून अवघड गोष्ट केली. यून यांचा निवाडा करणाऱ्या घटनात्मक न्यायालयात न्यायाधीशांच्या तीन जागा रिकाम्या होत्या. हान यांनी त्या भरायला नकार दिला होता. चोई यांनी त्यांतल्या दोन भरल्या. स्वतःच्या बाजूचे रागावले, विरोधकांना तीनही हव्या होत्या. कार्यवाहकाने किती अधिकार वापरावा, हा प्रश्न तिथे एखाद्या परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत नव्हता, त्याच्या टेबलावर होता.

मार्चमध्ये न्यायालयाने हान यांना परत आणलं, एप्रिलमध्ये यून यांना पदावरून दूर केलं. १ मे २०२५ ला हान निवडणूक लढवायला बाहेर पडले, त्याच रात्री चोई यांनीही राजीनामा दिला, आणि शेवटचा महिना देश शिक्षणमंत्री ली जू-हो यांनी सांभाळला. ३ जूनला मतदान झालं. सहा महिन्यांत कार्यवाहक तीन, आणि सरकारी यंत्रणा एक दिवसही बंद पडली नाही, कारण पुढचा कोण हे प्रत्येक वेळी कायद्यात आधीच लिहिलेलं होतं.

आपल्याकडे १९८४ मध्ये सत्तांतर किती पटकन झालं! ते आदर्श उदाहरण नाही का?

हा प्रश्न मला सर्वांत जड जातो.

३१ ऑक्टोबर १९८४ ला सकाळी इंदिरा गांधींवर त्यांच्या घराच्या आवारात गोळ्या झाडल्या गेल्या. राजीव गांधी पश्चिम बंगालच्या दौऱ्यावर होते. राष्ट्रपती झैलसिंग येमेनमध्ये. दोघेही परतले आणि त्याच संध्याकाळी राजीव यांनी थेट पंतप्रधान म्हणून शपथ घेतली. मध्ये कुणी नंदा नव्हते. इंडियन एअरलाइन्सचे वैमानिक, भाऊ संजय १९८० मध्ये गेल्यावर राजकारणात ओढले गेलेले, १९८१ पासून अमेठीचे खासदार, पक्षाचे सरचिटणीस. मंत्रिपदाचा अनुभव शून्य.

कागदोपत्री हस्तांतरण काही तासांत पार पडलं. आणि त्याच संध्याकाळी दिल्लीत शीख माणसांवर हल्ले सुरू झाले. पुढचे तीन दिवस घरं, टॅक्स्या, गुरुद्वारे जळत राहिले, माणसं जिवंत जाळली गेली. लष्कर रस्त्यावर उतरायला उशीर झाला. एकट्या दिल्लीत मृतांचा सरकारी आकडा २,७३३ आहे. शपथविधी वेळेत झाला म्हणून देश सुरक्षित हाती गेला, असं मी मुलांना कधीच सांगत नाही. राज्य करायचं म्हणजे त्या रात्री त्रिलोकपुरीतल्या गल्लीत पोलीस पोचवणं. ते झालं नाही. नवा माणूस भांबावलेला होता, आई गेलेली होती, हे माणूस म्हणून मी समजू शकतो. पण गृहखातं होतं, नायब राज्यपाल होते, पोलीस आयुक्त होते, वर्षानुवर्षं त्या कामाचा पगार घेणारी माणसं होती. तयारी नसलेल्या नेत्याच्या भोवतीच्या तयार माणसांनी हात बांधून घेतले की काय होतं, त्याचं हे उदाहरण आहे.

महिन्याभरात, २ डिसेंबरच्या रात्री, भोपाळला विषारी वायू सुटला.

मुख्यमंत्री गेले तर? महाराष्ट्रात असं कधी झालंय?

झालंय. २४ नोव्हेंबर १९६३ ला मुख्यमंत्री मारोतराव कन्नमवार यांचं पदावर असताना निधन झालं. कोकणातले पी. के. सावंत दहाएक दिवस मुख्यमंत्री होते आणि ५ डिसेंबरला वसंतराव नाईक आले ते अकरा वर्षांहून जास्त राहिले. राज्यात राज्यपाल आणि कलम १६४, बाकी तऱ्हा दिल्लीसारखीच.

कन्नमवार मुख्यमंत्री झाले त्याचं कारणही एका राष्ट्रीय संकटात होतं. १९६२ च्या नोव्हेंबरात चिनी फौजा ईशान्येत खाली उतरत होत्या, कृष्ण मेनन यांना जावं लागलं आणि नेहरूंनी यशवंतराव चव्हाणांना मुंबईहून बोलावून घेतलं. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, हे वाक्य आपल्याकडे पोरासोरांना पाठ आहे. त्यामागची परिस्थिती मात्र लक्षात घेतली जात नाही. चव्हाण संसदेचे सदस्यही नव्हते, सैन्याचं काम त्यांनी कधी पाहिलेलं नव्हतं आणि संरक्षणमंत्री झाले त्याच सुमाराला चीनने एकतर्फी युद्धविराम जाहीर केला. हाती आलं ते हरलेलं, खचलेलं सैन्य. पुढे नाशिकमधून ते लोकसभेवर बिनविरोध गेले. १९६५ चं युद्ध झालं तेव्हा संरक्षणमंत्री तेच होते.

आमदार किंवा खासदार नसलेला माणूस थेट प्रमुख होऊ शकतो?

सहा महिन्यांपुरता. तेवढ्यात सभागृहात निवडून यावं लागतं. मुंबईकरांनी याचा ताण जवळून पाहिला आहे. २८ नोव्हेंबर २०१९ ला शिवाजी पार्कवर शपथ घेताना उद्धव ठाकरे कोणत्याच सभागृहात नव्हते. मार्चमध्ये कोविड आला, निवडणुका पुढे ढकलल्या गेल्या आणि रुग्णालयांत खाटा शोधायच्या दिवसांत राज्याच्या प्रमुखाची मुदत मे अखेरीला संपत होती. शेवटी निवडणूक आयोगाने विधान परिषदेची निवडणूक घेतली आणि ते बिनविरोध निवडून आले. महासाथीत अशी तारीख डोक्यावर लटकत राहणं कुणाच्याच हिताचं नव्हतं, पक्ष कोणताही असो.

उपपंतप्रधान किंवा उपमुख्यमंत्री असेल तर तो आपोआप वर जातो ना?

अजिबात नाही. ही पदं घटनेत नाहीत. देवीलाल यांनी १९८९ मध्ये ‘उपपंतप्रधान’ म्हणून शपथ घेतली, त्यावर सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या प्रकरणाचा निष्कर्ष असा की ते केवळ वर्णन आहे, कायद्याच्या नजरेत ते मंत्रीच.

पंतप्रधान जिवंत आहेत पण रुग्णालयात आहेत, तर?

अंतर्गत सोय करतात. २४ जानेवारी २००९ ला डॉ. मनमोहन सिंग यांच्या हृदयावर शस्त्रक्रिया झाली तेव्हा प्रणब मुखर्जींनी मंत्रिमंडळाच्या बैठका चालवल्या. अर्थखातंही त्यांच्याकडे गेलं आणि फेब्रुवारीत हंगामी अर्थसंकल्प त्यांनीच मांडला. ठरलेल्या शस्त्रक्रियेला हे चालतं. बेशुद्ध पंतप्रधानाच्या बाबतीत ‘आता अधिकार दुसऱ्याकडे गेले’ हे कुणी ठरवायचं, त्याचं लेखी उत्तर आपल्याकडे नाही. अमेरिकेने १९६७ च्या पंचविसाव्या घटनादुरुस्तीत ते दिलं आहे.

अण्वस्त्रांचं काय?

जानेवारी २००३ मध्ये सरकारने अण्वस्त्र कमांड प्राधिकरणाची रचना जाहीर केली. राजकीय परिषदेचे अध्यक्ष पंतप्रधान, वापराची परवानगी फक्त तिलाच. पर्यायी आदेशसाखळीची व्यवस्था मंजूर केल्याचंही तेव्हा सांगितलं होतं. नावं गुप्त आहेत आणि ती तशीच राहावीत.

अशा माणसाने पहिल्या रात्री करायचं तरी काय?

दिल्लीत त्याला रिकामं दालन मिळत नाही. कॅबिनेट सचिव असतात, त्यांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन समिती बसते, सुरक्षाविषयक मंत्रिमंडळ समिती असते, तीत गृह, संरक्षण, परराष्ट्र आणि अर्थ खात्याचे मंत्री असतात. यंत्रणा भोवती असते. तिला नीट प्रश्न विचारता आले पाहिजेत. माझ्या मते तीन प्रश्न पुरेत. पक्कं काय ठाऊक आहे आणि ते कुणी डोळ्यांनी पाहिलंय? सकाळपर्यंत थांबू शकत नाही असा निर्णय कोणता? आधीच्या माणसाला ठाऊक होतं पण मला अजून सांगितलेलं नाही असं काय आहे?

पहिला प्रश्न का, ते मुंबईत समजावून सांगावं लागत नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. त्याच दिवशी कुलाब्याच्या वेधशाळेत ७३. मंत्रालय, विधान भवन, पालिकेचं मुख्यालय सगळं कुलाब्याच्या बाजूला. तिथल्या खिडकीतून बाहेर पाहणाऱ्याला नेहमीचा पावसाळी दिवस दिसत होता आणि कुर्ला-कलिना, साकीनाक्याला माणसं गळाभर पाण्यात होती. फोन बंद पडले, त्यामुळे वरून हुकूम येणंही थांबलं. बेस्टचे चालक, वाहक आणि वस्त्यांमधली माणसं आपल्या डोक्याने वागली, म्हणून कित्येक जीव वाचले. नव्या माणसाने खिडकीवर विसंबू नये आणि खालच्यांचे हात बांधू नयेत, एवढं त्या एका दिवसातून शिकता येतं.

सरकारी इमारतच गेली तर?

२१ जून २०१२ ला मंत्रालयाला लागलेली आग चौथ्या मजल्यावरून वर चढली. पाच जणांचा जीव गेला, मुख्यमंत्र्यांचं सहाव्या मजल्यावरचं कार्यालय जळालं, कित्येक फायली गेल्या. मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांनी विधान भवनातून काम सुरू केलं. माणूस जागेवर आणि कागद नाहीत, असा तो प्रसंग. वारसाचा क्रम लिहिताना दप्तराची दुसरी प्रत कुठे आहे हेही लिहायला हवं.

सगळेच एकदम गेले तर?

पोलंडवर जवळपास तशीच वेळ आली होती. १० एप्रिल २०१० ला स्मोलेन्स्कजवळ विमान कोसळलं आणि राष्ट्राध्यक्ष काचिन्स्की, लष्करप्रमुख, तिन्ही दलांचे प्रमुख, मध्यवर्ती बँकेचे गव्हर्नर यांच्यासह ९६ जण गेले. घटनेप्रमाणे कनिष्ठ सभागृहाचे सभापती कोमोरोव्स्की यांच्याकडे अध्यक्षपद आलं, प्रत्येक दलात उपप्रमुखाने सूत्रं घेतली. जुलैत नवा अध्यक्ष निवडूनही आला. उलट १९९४ च्या एप्रिलमध्ये रवांडाच्या अध्यक्षांचं विमान पाडलं गेल्यावर दुसऱ्याच दिवशी पंतप्रधान अगाथ उविलिंगियिमाना यांना सैनिकांनी ठार केलं, देशाशी रेडिओवर बोलण्याआधीच. पुढे जो वंशसंहार घडला तो जगाला ठाऊक आहे. क्रम लिहिलेला असून भागत नाही. बंदुकीवाल्यांनी तो मानावा लागतो.

भारतात लोकसभेचं मोठं सत्र चालू असताना असं काही झालं तर पंतप्रधान कुणाच्या बहुमतावर नेमायचा, याचं उत्तर कायद्यात सापडत नाही.

तुमचं स्वतःचं मत काय?

पंतप्रधानपदाचा तात्पुरता क्रम संसदेने कायद्याने ठरवावा. १९६९ मध्ये राष्ट्रपतींसाठी जसा लहानसा कायदा केला, तसा. निवडून द्यायचा अधिकार लोकसभेतल्या बहुमताकडेच राहू दे. मधल्या काही दिवसांचा कार्यवाहक कोण आणि तो काय करू शकणार नाही, एवढंच लिहावं. जोडीला दोन कलमं घालावीत: पंतप्रधान अक्षम आहेत हे कोण ठरवणार, आणि क्रमातल्या पहिल्या दोघांना सुरक्षेची माहिती नियमित दिली जाणार.

यावर आक्षेप असा घेतात की क्रम लिहिला की दुसऱ्या क्रमांकाचा माणूस बलवान होतो आणि कुठल्याच पंतप्रधानाला ते रुचत नाही. आक्षेप खरा आहे. म्हणूनच तो कायदा कुठलंही सरकार आपणहून आणणार नाही आणि म्हणूनच त्याची मागणी नागरिकांनी करायला हवी. पंतप्रधानांची सोय पाहायची की एकशे चाळीस कोटी माणसांची, असा साधा प्रश्न आहे.

आणि तेव्हा आम्ही सामान्यांनी काय करायचं?

अफवा पुढे पाठवायची नाही. १९८४ मध्ये आकाशवाणीने निधनाची अधिकृत बातमी संध्याकाळी दिली. तोवर ती बीबीसीवरून आणि तोंडी सगळीकडे पसरलेली होती, आणि मधल्या तासांत ज्याने त्याने तिला आपापली शेपटं जोडली. आता तोच वेळ व्हॉट्सअ‍ॅपला मिळतो. शपथ कुणी घेतली याचं पत्रक राष्ट्रपती भवनाकडून निघतं, पत्र सूचना कार्यालय ते प्रसिद्ध करतं, नंतर राजपत्रात येतं. ते येईपर्यंत कुणाच्या नावाने फिरणारी यादी खरी धरू नका. एखाद्या समाजाचं नाव घेऊन आलेला संदेश तर तिथेच पुसून टाका, आणि इमारतीत त्या समाजाचं घर असेल तर जाऊन दार वाजवा, काही लागतंय का विचारा. मुंबईत मदत लागली तर पोलिसांसाठी ११२, पालिकेच्या आपत्कालीन नियंत्रण कक्षासाठी १९१६.